रस्त्यावर आणि पटावर : गवळाऊ व खिल्लार



मोटारींना वाहिलेल्या इंग्रजी मासिकांत एक सदर हटकून असते. दोन नामांकित कारखान्यांच्या दोन वेगवान गाड्या घ्यावयाच्या, प्रथम त्या नेहमीच्या रस्त्यावरून हाकून पाहावयाच्या, मग शर्यतीच्या मैदानावर सोडावयाच्या, आणि शेवटी दोहोंत सरस कोणती याचा निवाडा द्यावयाचा, असा त्या सदराचा शिरस्ता. शहरांतील पुष्कळ घरांत हे लेख आवडीने वाचले जातात. ज्यांना अशी गाडी जन्मात घ्यावयाची नाही, तेही वाचतात. त्यांत एक मौजेची गोष्ट वारंवार आढळते. मैदानावर जिंकलेली गाडी रस्त्यावर जिंकतेच असे नाही. मैदानावर ना खड्डा, ना समोरून येणारे वाहन, ना सामान, ना घरची मंडळी. रस्त्यावर हे सर्व असते. परीक्षक बदलला की निकालही बदलतो.

माझे गाव नेर, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे मोटारींच्या शर्यतीचे मैदान नाही, पण शंकरपट आहे. आणि दोन नामांकित घराण्यांची चढाओढही आहे. एक घराणे आमच्या विदर्भाचे, गवळाऊ बैलांचे. दुसरे सोलापूर-सांगली-साताऱ्याकडचे, खिल्लार बैलांचे.

या विषयाकडे माझे लक्ष वळण्यास निमित्त झाले ते असे. गेल्या पौषात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. घरची शेती, दावणीला गवळाऊ बैलांची एक चांगली जोडी. ओसरीवर बसून इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने मनातले काढले. म्हणाला, “गुरुजी, घरची जोडी इकून टाकू काय? सांगोल्याहून खिल्लार आणावं म्हणतो. पटात आपले बैल मागं राहतात.” मी म्हटले, “बापू, याचे उत्तर एका शब्दात होण्यासारखे नाही. आठ दिवसांनी ये.” त्या आठ दिवसांत मी जे वाचले, जे जाणत्यांना विचारले आणि जे लहानपणापासून पाहिलेले आठवले, ते आज आपणापुढे मांडतो.

प्रथम दोन्ही स्पर्धकांची ओळख करून घेऊ.

गवळाऊचे माहेर म्हणजे वर्धा व नागपूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेले मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी व बालाघाट. वर्धा जिल्ह्यातील आर्वी व कारंजा या भागांत नंद गवळी समाजाने ही गुरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली; नावातच ‘गवळी’ आहे. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे या जातीसाठी सरकारी पैदास केंद्रही आहे. रंग पांढरा किंवा राखी. नराची मान, वशिंड आणि मागचा पुठ्ठा अधिक काळसर. तोंड लांब व अरुंद, कपाळ मागे झुकते, शिंगे आखूड व बोथट, गळ्याखालची पोळी मोठी, शेपूट आखूड. अंग हलके पण सडपातळपणात मजबुती. याची दुडकी चाल पाहण्यासारखी असते. मराठ्यांच्या फौजेचे सामान डोंगराळ मुलखातून लवकर हलविता यावे म्हणून या जातीत चपळ चालीची जोपासना झाली, असे पशुतज्ज्ञांनी नमूद केले आहे.

खिल्लाराचे माहेर म्हणजे माणदेश व त्याच्या आसपासचा अवर्षणाचा टापू : आटपाडी, म्हसवड, सांगोला, खरसुंडी ही नावे बैलबाजारांमुळे सर्वत्र ठाऊक आहेत. ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप, आणि तो राखणारा तो खिल्लारी. हा बैलही पांढरा किंवा राखी. परंतु ठेवण निराळी. शिंगे लांब, बुडाशी जवळजवळ, मागे झुकून पुढे वर उठलेली आणि टोकाशी अणकुचीदार. गळ्याची पोळी लहान, कातडी पातळ व अंगाबरोबर, पाय सरळ, खूर कठीण. स्वभाव पाणीदार, किंबहुना तापट. परक्या माणसाला तो सहसा जवळ येऊ देत नाही.

दिसायला दोन्ही पांढरे असले तरी ही भावंडे नव्हेत. जोशी आणि फिलिप्स या दोन तज्ज्ञांनी १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठी भारत व पाकिस्तानातील गुरांवर एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात गवळाऊला आंध्राच्या ओंगोल गुरांबरोबर, आखूड शिंगांच्या गटात बसविले आहे. आणि खिल्लाराला म्हैसूरच्या हल्लीकर व अमृतमहाल या गुरांच्या पंगतीला. म्हणजे एकाचे नाते पूर्वेकडे, दुसऱ्याचे दक्षिणेकडे.

परंतु लष्करी पेशा मात्र दोन्ही घराण्यांत आहे. म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांवर हैदर व टिपू यांचा तोफखाना चाले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर हे कळप इंग्रजांच्या हाती गेले, आणि १८०३ साली वेलस्ली वऱ्हाडात उतरला तेव्हा अडगाव व गाविलगड येथील लढायांसाठी त्याच्या तोफा ओढावयास म्हैसूरचे बैल होते. ज्या नागपूरकर भोसल्यांशी त्याची गाठ होती, त्यांच्याच मुलखात गवळाऊचे माहेर. त्या काळी बैल किती लवकर वाट तोडतो यावर राज्ये अवलंबून असत. तेव्हा आज पटावर दिसणारी ही चढाओढ केवळ करमणुकीतून उपजली आहे असे समजू नये. दोन्ही जातींत जो वेग आहे, तो रस्त्याच्याच गरजेपोटी आलेला आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता पटाकडे वळू. ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. खरीप घरात आले, कापसाची वेचणी उरकत आली, की पौष-माघात गावोगाव पट भरतात. आमच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथील पट फार जुना व नावाजलेला आहे. तेथे स्त्रियांनी जोड्या हाकण्याचीही प्रथा आहे. पट म्हणजे मोकळ्या रानात नांगरून, सारखी करून तयार केलेली सरळ धाव. पश्चिम महाराष्ट्रात घाट चढविण्याच्या किंवा लांब पल्ल्याच्या शर्यती असतात. आमच्याकडे पल्ला थोडा, धाव सरळ, आणि दोन जोड्या शेजारी-शेजारी. गाडी अगदी हलकी : दोन चाके, धुरी, आणि हाकणाऱ्याला टेकण्यापुरती जागा. हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. इशारा झाला की जोड्या सुटतात आणि आपण श्वास घेऊन सोडतो न सोडतो तो निकाल लागलेला असतो. पूर्वी निकाल पंचांच्या डोळ्यांवर असे. हल्ली तो घड्याळावर, सेकंदाच्याही अंशावर ठरतो.

अशा शर्यतीत बैलाच्या अंगचे कोणते गुण तपासले जातात? पहिला गुण सुटण्याचा. पल्ला थोडा असल्यामुळे जो आधी उसळला तो बहुधा पुढे राहतो. दुसरा गुण भरधाव धावण्याचा. या थोड्या क्षणांत स्नायूंना जी शक्ती लागते, ती रक्तातून येणाऱ्या प्राणवायूची वाट पाहत थांबू शकत नाही; स्नायूंत आधीच साठविलेल्या शर्करेतून ती प्राणवायूवाचून काढली जाते. ही शक्ती मोठी, पण अल्पायुषी. आपण जिना धावत चढलो तर वर पोचेपर्यंत दम लागत नाही, वर गेल्यावर लागतो; तसेच हे आहे. तिसरा गुण जोडीचा. जू म्हणजे मधोमध टेकलेली एक तरफ. एका बाजूचा बैल हातभर पुढे गेला की जू तिरपे होते आणि गाडी मंद बैलाच्या बाजूला वळू लागते. म्हणून पटावर एक अतिवेगवान आणि एक साधारण बैल यांची जोडी ही दोन मध्यम पण सारख्या बैलांपुढे हरते. जाणते धुरकरी सर्वांत अधिक कष्ट घेतात ते या सारखेपणावर.

या तिन्ही कसोट्यांवर खिल्लाराचे पारडे जड आहे, हे प्रांताभिमान बाजूला ठेवून कबूल केले पाहिजे. त्याचा तापट स्वभाव सुटण्याच्या क्षणी उपयोगी पडतो. आटोपशीर अंग, लांब टांग, घट्ट कातडी आणि कठीण खूर हे सर्व थोड्या पल्ल्यासाठी जणू घडविले आहेत. आमच्याकडील पटांतही खिल्लार जोड्या हल्ली पुष्कळ दिसतात, आणि त्या बक्षिसे नेतात. गवळाऊ अगदीच मागे राहतो असे नव्हे. चांगली राखलेली गवळाऊ जोडी पटावर उतरली म्हणजे तिची डौलदार धाव पाहून म्हातारी माणसे आजही उभी राहतात. परंतु सरासरीचा हिशेब मांडला तर पटाचा निकाल खिल्लाराच्या बाजूने द्यावा लागेल.

आता रस्ता. येथे हिशेब अगदी उलट्या अंगाने सुरू होतो.

बैल दिवसभर जी ओढ सतत देऊ शकतो, ती त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते. सव्वाचारशे किलोचे दोन बैल घेतले तर जोडीचे वजन साडेआठशे किलो, आणि सततची ओढ पंच्याऐंशी किलोच्या आसपास. भरल्या बंडीची चाल तासाला साडेतीन किलोमीटर धरली, तर या कामाची शक्ती एका अश्वशक्तीहून किंचित अधिक भरते. शर्यतीच्या मोटारीत शेकडो अश्वशक्ती असतात हे ऐकलेल्या माणसाला एका अश्वशक्तीचे हसू येईल. पण या एका अश्वशक्तीवर वऱ्हाडचा कापूस शतकानुशतके हलला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, त्यापूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवर व गाड्यांत मिर्झापूरपर्यंत जात असे. आगगाडी आल्यावरही शेतापासून रुळापर्यंतची वाट बैलाचीच राहिली.

या वाटेवर लागणारी शक्ती निराळी. येथे साठविलेल्या शर्करेवर भागत नाही. श्वास आणि काम यांचा मेळ तासन्‌तास राहिला पाहिजे. जो बैल सुरुवातीला उसळतो तो दोन कोसांवर थकतो. येथे उष्णतेचाही प्रश्न आहे. काम करणाऱ्या स्नायूंत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडली नाही तर बैल धापा टाकू लागतो. आपल्या देशी गुरांना घर्मपिंड भरपूर असतात आणि कातडी सैल असते, म्हणून ती विलायती गुरांपेक्षा उन्हात टिकतात. गवळाऊची मोठी पोळी म्हणजे वाऱ्याला मिळणारा तेवढा अधिक पृष्ठभाग. सगळे श्रेय पोळीला देणे बरोबर होणार नाही. पण विदर्भाच्या उन्हात, जेथे वैशाखात पारा पंचेचाळिसाला भिडतो, तेथे पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या जातीच्या अंगात ते ऊन मुरलेले असते, एवढे खरे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. पक्क्या सडकेवर चाक थोड्या ओढीने फिरते. तीच बंडी काळ्या जमिनीच्या चिखलात गेली की ओढ कित्येक पटींनी वाढते. चिखल चाकाला आणि खुराला सारखाच चिकटतो. येथे झटका देणारा बैल उपयोगाचा नाही; झटक्याने चाक अधिक रुतते आणि जोते तुटते. हळूहळू जोर वाढवीत नेणारा आणि जोडीदाराची वाट पाहणारा बैल येथे हवा. चांगला शेतकरी येथे तरफेचा नियम वापरतो. जोडीतील एक बैल दुबळा असेल तर जुवाचा मधला टेका थोडा सरकवून दुबळ्याकडची बाजू लांब करतो, म्हणजे त्याच्या वाट्याला ओझे कमी येते. शाळेत तरफ शिकविताना मी नेहमी हेच उदाहरण देत असे; फळ्यावरच्या आकृतीपेक्षा मुलांना ते लवकर कळे.

या बाबतीत लहानपणी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. त्या वेळी मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कापसाच्या बंड्या नेरहून यवतमाळच्या बाजारी जावयाच्या, आणि ती वाट रात्रभराची. वडिलांनी मला कापसाच्या गंजीवर बसवून नेले होते. रांगेत आमच्या पुढे एका शेजाऱ्याची बंडी होती. त्याची जोडी खिल्लार नव्हे, गावरानच; परंतु पटासाठी राखलेली, दोन ठिकाणी बक्षीस घेतलेली. निघताना ती सर्वांच्या पुढे गेली. मध्यरात्रीच्या सुमारास एका नाल्याचा चढ लागला. चढाच्या बुडाशी ओल होती. बंडी जड झाली तसे त्या बैलांनी सवयीप्रमाणे एकदम झेप घेतली. एक पुढे, एक मागे. काडकन जोते तुटले आणि बंडी आडवी झाली. शेजाऱ्याने तुतारी उचलली. वडिलांनी त्याचा हात धरला आणि आमची गवळाऊ जोडी सोडून त्याच्या बंडीला जुंपली. ते दोघे बैल मान खाली घालून, इंच-इंच करीत, तो चढ चढून गेले. कंदिलाच्या उजेडात मी त्या पटाच्या बैलांचे पुठ्ठे पाहिले. त्यांवर तुतारीच्या आरीचे जुने-नवे व्रण होते. कित्येक दिवस ते माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

हा प्रसंग सांगितला तो जातीची निंदा करण्यासाठी नव्हे. दोष त्या बैलांच्या रक्तात नव्हता, शिकवणीत होता. झेप घ्या, थांबू नका, जोडीदाराकडे पाहू नका, हेच पटाने त्यांना शिकविले होते. नाल्याने त्यांना दुसराच प्रश्न विचारला.

आता न्याय सर्व बाजूंनी व्हावयास हवा म्हणून हेही सांगितले पाहिजे की खिल्लार हा केवळ पटाचा बैल नाही. माणदेशच्या खडकाळ माळावर, तुटपुंज्या वैरणीवर आणि अपुऱ्या पाण्यावर तो नांगर ओढतो आणि ऊस वाहतो; पूर्वी मोटही ओढीत असे. त्या वाटेवर त्याचे कठीण खूर गवळाऊला मागे टाकतील. तेव्हा रस्ता म्हणजे एकच रस्ता नव्हे. माणदेशचा रस्ता खिल्लाराचा आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा रस्ता गवळाऊचा, असा दुसरा निवाडा मी देतो. वर्षभर काम करणारा बैल ज्याला हवा आहे, त्याने आपल्या मातीत वाढलेला बैल घ्यावा.

व्रणांचा उल्लेख आला तेव्हा कायद्याविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंवर बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना अटींवर वाट मोकळी केली; पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती अडविली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. तेव्हापासून पट कायदेशीर आहेत, पण ते नियमांना बांधलेले आहेत. धाव एक हजार मीटरांपेक्षा लांब नसावी. धुरकऱ्याच्या हाती काठी, चाबूक, आर किंवा विजेचा झटका देणारे साधन असू नये. या नियमांचा अर्थ मी असा घेतो की, बैल आपल्या खुशीने जेवढा धावेल तेवढाच त्याचा वेग मोजावा. वेदनेतून निघालेला वेग मोजणारे घड्याळ खोटे होय. ते बैलाची जात सांगत नाही, माणसाची सांगते.

येथवर मी दोन परीक्षांचे दोन निकाल दिले. मोटारीच्या मासिकात लेख येथे संपला असता. आपल्या विषयात मात्र खरा प्रश्न यापुढेच आहे.

मोटारींच्या जगात मैदान हे रस्त्याचे गुरुकुल आहे. १९५३ साली फ्रान्समध्ये ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या गाड्यांनी चकतीचे ब्रेक वापरून विजय मिळविला. पुढे तेच ब्रेक साध्या घरगुती मोटारींत आले, आणि आज ते आपल्या शेजाऱ्याच्या गाडीतही आहेत. घोड्यांच्या शर्यतीतही असेच. जिंकलेला घोडा निवृत्त झाल्यावर पैदाशीस जातो आणि त्याचा वेग पुढच्या पिढीत उतरतो. बैलाचे काय? शेतीचा बैल तर खच्ची केलेलाच असतो. असा बैल पटावर पहिला आला, त्याच्यावर गुलाल उधळला गेला, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. परंतु त्याचे रक्त त्याच्याबरोबरच संपले. त्याचे गुण जर कोठे शिल्लक असतील, तर ते त्याला जन्म देणाऱ्या गाईत आणि त्याच्या बापात. ती गाय कोणाच्या दावणीला आहे, तिला चारा मिळतो की नाही, हे पटाच्या गर्दीत कोणी विचारीत नाही.

पूर्वी हे विचारण्याची गरज नव्हती, कारण रस्ताच गाईला सांभाळीत होता. दर घराला बैल हवा, म्हणून दर गावाला गाय हवी. आता नांगरटीला ट्रॅक्टर आला, कापूस टेम्पोतून जाऊ लागला. रस्त्याने बैलाला निवृत्त केले. दुधासाठी म्हणावे, तर गवळाऊ गाय संकरित गाईपुढे टिकत नाही. आर्वी-कारंज्याकडील चराऊ राने आकसली, तसे कळपही आकसले. अशा स्थितीत गवळाऊला विचारणारे एकच ठिकाण उरले, ते म्हणजे पट. आणि पट तर खिल्लाराला पसंती देतो! रस्ता गेला, पट हरला, तर ही जात राहावी कशाच्या आधारावर? कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदवहीत तिचे नाव आहे. परंतु नोंदवहीत नाव असणे आणि दावणीला खुंटा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यात केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. डिझेलचा भाव वाढला की दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचे भाडे परवडेनासे होते. ओल्या काळ्या रानात डवरणीच्या वेळी ट्रॅक्टर शिरत नाही, आणि ते काम बैलच करतो. शेणखत लागते तेही गोठ्यातूनच. अशा वेळी या मातीचा, या उन्हाचा बैल हवा असेल तर तो बाजारात तयार मिळत नाही. त्यासाठी गाई आणि वळू आज जिवंत असावे लागतात. एकदा तुटलेली वंशाची साखळी कोणत्याही कारखान्यात जोडता येत नाही.

आठ दिवसांनी तो विद्यार्थी परत आला. मी त्याला हे सर्व याच क्रमाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, हे समदं खरं. पण बक्षीस तर पटातच भेटते ना? वाटंनं चालनाऱ्याले कोन बक्षीस देते?”

त्याचा प्रश्न रास्त होता आणि मला क्षणभर उत्तर सुचले नाही. मी एवढेच म्हटले की, ते बक्षीस ठेवणे हे आमचे काम आहे, तुझे नव्हे. त्याने बैल विकले नाहीत. आर्वीकडून एक गाभण गवळाऊ गाय मात्र आणली. पटाला तो या वर्षी घरचीच जोडी घेऊन गेला, आणि हरला. परतताना माझ्या दाराशी थांबून म्हणाला, “हारलो गुरुजी, पन तुतारी लावली नाही.”

त्याचा तो प्रश्न मी आता आपणा सर्वांपुढे ठेवतो. पटांची मोठी बक्षिसे शहरांतून येतात. देणगीदार शहरातले, पाहुणे शहरातले, आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी घेऊन पाहावयास येणारेही शहरातलेच. त्यांनी आयोजकांना एवढेच सुचवावे की, वेगाच्या बक्षिसाबरोबर आणखी दोन बक्षिसे ठेवा. एक वाटेचे : ठरावीक ओझे भरलेली बंडी चार-पाच कोस नेऊन जी जोडी धाप न लागता, अंगावर एकही वळ न उठता परत येईल तिला, पशुवैद्याने निघताना व आल्यावर दोन्ही वेळा बैल तपासावेत. दुसरे गाईचे : त्या भागाच्या जातीची उत्तम गाय आणि तिचा गोऱ्हा यांना. म्हणजे पटाचे घड्याळ खिल्लाराला त्याचा मान देईल, वाट गवळाऊला त्याचा मान देईल, आणि दोघांच्या मातांनाही कोणी विचारील. यासाठी नवा कायदा लागत नाही. मंडपात आणखी एक टेबल आणि थोडी सद्बुद्धी एवढ्यावर भागण्यासारखे आहे.

पुढील पौषात आपणापैकी कोणी आमच्या भागात पट पाहावयास आलेच, तर जिंकलेल्या जोडीभोवती गर्दी असेल, तेथे अवश्य जावे. मग थोडे बाजूला, बाभळीच्या सावलीला जुंपण सोडून बांधलेल्या बैलांकडेही जावे. त्यांची शिंगे पाहावी, गळ्याची पोळी पाहावी, पुठ्ठ्यावर व्रण आहेत काय ते पाहावे, आणि मालकाला विचारावे, “याची आई कोठे आहे?” मालकाने मागे हात करून आपल्या गावाचे, आपल्या गोठ्याचे नाव सांगितले, तर तो पट उत्तम चालला आहे असे समजावे.